वेळण्याचा रस्ता

“मग निघायचं कधी?” बुवांनी विचारलं.

जनार्दनानं ओसरीवर पसरलेला नकाशा हातानं सपाट केला.

“फुलं येऊ द्या, बुवा. पठार एकदा फुललं की...”

“बरं,” बुवा म्हणाले.

जनार्दन खांबेटे हा काही ऐरागैरा शिष्य नव्हता. लोकांना सहली घडवण्यात त्याची हयात गेली होती. कुठल्या वळणावर गाडी उभी केली की दरी तळापर्यंत दिसते, कुठल्या टपरीपाशी पाठमोरं बसलं की मावळतं ऊन समोरच्या कड्यावर चढताना दिसतं, हे त्यालाच विचारावं. धंदा मुलाच्या हवाली करून तो डोंगरावरच्या या लहानशा मठात राहायला आला. नाव, मान, पैसा सगळं पायथ्याशी ठेवून आलो, असं तो म्हणे. एवढी एक जाण मात्र तो वर घेऊन आला होता, आणि ती त्याला जड वाटत नव्हती.

गणपती उठले आणि एका सकाळी बुवा आपणहून म्हणाले, “जनार्दना, एकदा समुद्र बघून यावा म्हणतो.”

बुवांनी आजवर कुणाकडं काही मागितलं नव्हतं. जनार्दनाला स्वर्ग दोन बोटं उरला.

“कुठला समुद्र, बुवा?”

“वेळण्याचा.”

“वेळणं? तिथं काय आहे?”

“...समुद्र.”

जनार्दन कामाला लागला. आधी कोयनेच्या खोऱ्यात उतरायचं. धरणाच्या पाण्याकाठी मुक्काम. मग कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. तिथून फेरीबोटीवर गाडी घालून दाभोळची खाडी ओलांडायची आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं वर वेळण्याला.

“सरळ रस्ता नाही का रे?” बुवांनी विचारलं.

“आहे की. आंबेनळी घाट उतरला की जेवणवेळेला माणूस समुद्रावर. पण सरळ रस्त्यानं माल न्यावा, बुवा. तुम्हांला नाही.”

हे वाक्य जनार्दनाला स्वतःलाच फार आवडलं.

बुवा हसले नाहीत.

फुलं आली, तशी बघ्यांची झुंबडही आली. मग धुकं आलं. धुक्यात दरी दिसत नाही. मग घाटात दरड आली. बुवा अधूनमधून विचारत आणि जनार्दन आणखी थोडं थांबायला सांगे. दर खेपेला त्याची सहल पहिल्याहून देखणी होत होती.

पौषात तो एकटाच गाडी घेऊन तो सगळा रस्ता आजमावून आला. परतला तेव्हा त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

“पोचलास?” बुवांनी विचारलं.

“थेट वेळण्यापर्यंत.”

“कसं आहे?”

“साधंच आहे. बंदर, चार घरं, वाळत घातलेली मासळी. तिथं फार रेंगाळायला नको. पण थोडं पुढं एक टेकाड आहे, बुवा, तिथून सूर्य बुडताना...”

“माणसं?”

“माणसं काय... असतात तशी.”



“मग निघायचं कधी?”

“माघ सरू द्या. हवा अगदी निवळेल.”

माघ सरता सरता मठात एक माणूस आला. रापलेला, पन्नाशीचा, डोकं भादरलेलं. तो बुवांच्या पायाशी बसला.

“आका गेली, मामा. दिवसकार्य आटपून आलो.”

मामा हा शब्द त्या मठात कधी कुणी उच्चारला नव्हता. ताकाचा तांब्या घेऊन येणारा जनार्दन दाराशीच थबकला.

“त्रास झाला का रे तिला, भिकाजी?”

“नाय. झोपेतच गेली. वाट मात्र फार बघितलीन. तुम्ही येताय असा निरोप आला, तशी खाट पडवीत घ्यायला लावलीन. गाडी वाजली की विचारी, बाबू आला काय?”

बुवांनी मान हलवली.

भिकाजीची नजर अंगणातल्या गाडीवर गेली. गाडीच्या तोंडाशी मठाची भगवी पताका होती.

“हीच गाडी,” तो हळूच म्हणाला. “पौषात आमच्या गावात आली होती. पताका बघून आका खाटेवरून उठली. पाऊल टाकवत नव्हतं, तरी भिंत धरधरून फाटकाशी गेली. हात केलान. गाडीतल्यानं पण हात केला... आणि गेला. अंधार पडेस्तोवर उभी होती. म्हणे, पुढं जाऊन वळवून आणील.”

जनार्दनानं तांब्या उंबऱ्यावर ठेवला.

त्याला ती म्हातारी आठवली. माडाखालचं फाटक, वर गेलेला हात. गावची माणसं मोकळी असतात, असं तेव्हा त्याच्या मनात आलं होतं. सूर्य खाली चालला होता, टेकाड गाठायचं होतं. काचेतून हात हलवून त्यानं गाडी पुढं काढली होती.

भिकाजीला साताऱ्याला लेकीकडं जायचं होतं. ताक पिऊन तो डोंगर उतरला.

जनार्दन बुवांसमोर येऊन बसला.

“बुवा... बोलला का नाहीत? बहीण आहे, एवढं म्हणाला असतात तर मी त्याच दिवशी...”

बुवा अंगणाकडं बघत राहिले.

“आई गेली तेव्हा मी रांगत होतो. आकानं वाढवलं,” ते म्हणाले. “घर सोडलेल्या माणसाच्या तोंडी बहीण येईना. समुद्र म्हणालो.”

“मला कळायला हवं होतं,” जनार्दन म्हणाला.



“मी तिच्या दारावरून गेलो, बुवा!”

बुवांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताखाली जनार्दन लहान मुलासारखा रडला.

मग तो एकदम उठला.

“चला. आत्ता निघू. आंबेनळीनं उतरू, ऊन कलायच्या आत फाटकाशी असू.”

बुवा उठले. खांद्यावर उपरणं टाकलं आणि गाडीत पुढं येऊन बसले.

मठाचा उतार संपला की फाटा लागतो. एक रस्ता आंबेनळीकडं, दुसरा कोयनेच्या खोऱ्याकडं. जनार्दनानं वेग कमी केला नाही. त्यानं गाडी आंबेनळीकडं वळवायला घेतली, तोच बुवांनी आपला तळवा स्टिअरिंगवर ठेवला.

जनार्दनानं करकचून ब्रेक दाबला. गाडी फाट्यावरच थांबली.

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला आणि बाजूनं निघून गेलं.

जनार्दनानं बुवांकडं पाहिलं. ते कोयनेच्या खोऱ्याकडं बघत होते. तिथं, जनार्दनानं म्हटलं होतं तशीच, हवा अगदी निवळली होती...

“तुझ्या रस्त्यानं ने, जनार्दना,” बुवा म्हणाले. “आता कसली घाई?”