उघडी मुळे

फार पूर्वी वाळवंटाच्या काठी धन्वपूर नावाच्या नगरात दृढवर्मा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व माळ्याच्या कुळात जन्मले होते आणि राजाची बाग राखीत होते. लोक त्यांना शीलक माळी म्हणत. त्या नगरात एक रीत होती. वाऱ्याने वाळू रोज उडायची आणि झाडांची मुळे उघडी पडायची. म्हणून उघडे मूळ दिसले की राजा असो वा गुराखी, वाकून त्यावर ओंजळभर माती घातल्याशिवाय कोणी पुढे जात नसे. न घालणारा माणूस कठोर काळजाचा समजला जाई.

या नगरात वेलावती राणी होऊन आली ती थेट समुद्रकाठाहून. निघताना आईने तिच्या ओटीत खाडीतल्या कांदळाच्या झाडाचा वीतभर लांब कोंब घातला होता.

"याचं बी आईच्या अंगावरच रुजतं, वेला," आई म्हणाली होती. "खाऱ्या चिखलात नुसतं बी टिकत नाही. म्हणून कोंब चांगला वाढला की मगच झाड त्याला सोडतं. आता मीही तुला सोडते."

राजाच्या बागेत प्रत्येक जण माळ्याहून शहाणा असतो. कोणी म्हणाले कोंबाला दूध घाला, कोणी म्हणाले सावलीत ठेवा. शीलक माळ्यांनी सगळ्यांचे ऐकून घेतले, दोन दिवसांच्या वाटेवरच्या खाऱ्या सरोवरातून गाळ आणला आणि बागेतला हौद भरून त्यात कोंब लावला. भरती-ओहोटीसारखे ते त्यात दिवसातून दोनदा पाणी चढवीत आणि दोनदा उतरवीत.

"बाबा, तुम्ही तर समुद्र पाहिलेला नाही," राणी म्हणाली.

"मी झाडाकडे पाहतो, देवी. इथल्या निवडुंगानं पानं टाकली, काटे घेतले आणि पाणी अंगात जपलं. शमीनं मुळं पार खोल ओलीपर्यंत सोडली. ज्याला जिथे राहायचं, त्याला तिथली अडचण कळते. या तुमच्या झाडाच्या चिखलात हवा नाही, म्हणून त्याची मुळं गुडघे वर काढून श्वास घेतात. ते गुडघे तेवढे कोणी झाकू नका."

झाड जगले, वाढले. राणी रोज सकाळी त्याच्यापाशी बसे. वाड्यात सगळे तिला देवी म्हणत. तिला वेला म्हणणारे तिथे कोणी नव्हते, पण झाडापाशी तिला ते नाव आठवे.

सहाव्या उन्हाळ्यात आई गेल्याचा निरोप आला. राणीने अन्न टाकले. माळी तेव्हा गाळ आणायला सरोवराकडे गेले होते. एका सकाळी राणीला खिडकीतून दिसले, राजा एकटाच हौदापाशी आला आहे. ती मुळे झाकायची नसतात हे त्याला ठाऊक नव्हते; उघडी दिसताच तो थबकला. ज्याने जन्मात स्वतःची पादत्राणे स्वतः काढली नव्हती, तो मांडी घालून खाली बसला आणि तांबडी माती दोन्ही हातांनी ओढून एकेक मूळ झाकू लागला. हाक मारून थांबवावे असे राणीला वाटले. तेवढ्यात राजाने वर पाहिले. त्याच्या कपाळाला माती लागली होती आणि तो हसत होता. राणीने हाक आवरली. माळीबाबा उद्या येतील आणि मुकाट्याने माती काढतील, अशी तिने मनाची समजूत घातली. आपणच काढावी, तर राजा रोज येऊन आपले काम कौतुकाने पाहत होता.

वाळूचे वादळ उठले आणि माळी पंधरा दिवसांनी पोचले. तोवर झाडाची पाने गळली होती. त्यांनी माती उपसली. खाली मुळे काळी पडली होती. वाळलेल्या एका ढेकळावर राजाच्या अंगठीचा ठसा उमटला होता. माळ्यांनी क्षणभर तो पाहिला आणि अंगठ्याने पुसून टाकला. राणीने हेही पाहिले.

"माझ्या राणीचं माहेर तुझ्या हवाली केलं होतं," राजा भर दरबारात ओरडला. "झाड का मेलं?"

"राखण माझी होती, महाराज. मी वेळेवर पोचलो नाही."

यात एकही शब्द खोटा नव्हता. पडद्यामागे राणी बसली होती, आणि ती बसूनच राहिली. राजाने माळ्यांना हद्दपार केले. त्यांनी एवढेच मागितले, की मेलेल्या झाडावर लोंबणारा एकुलता कोंब सोबत नेऊ द्यावा.

वेशीपाशी राणीने त्यांना गाठले. "बाबा, मी सगळं पाहत होते. तुम्ही का नाही बोललात?"

"ते हात मायेनं मातीला लागले होते, देवी. चारचौघांत त्यांना दोष दिला असता, तर ते पुन्हा कोणासाठी खाली वाकले नसते. तुम्ही सांगा त्यांना. पण जवळ बसून सांगा."

राणीला ते सांगायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांचे दुःख तिला जन्मभर पुरले.

ऐकताच राजाने रथाला घोडे जोडले. कोंब रुजेल असा गाळ खाऱ्या सरोवरावरच होता. दोघे सरोवरावर पोचले तेव्हा बोधिसत्त्व काठाशी पडलेले होते. देहात प्राण नव्हता. त्यांची पाण्याची पिशवी रिकामी होती आणि ओठ कोरडे होते. पण कोंबाला गुंडाळलेले फडके अजून ओले होते. कोंब गाळात ताठ उभा होता.

राजा-राणी दरवर्षी तिथे जात. सातव्या वर्षी गाळातून मुळांचे गुडघे वर आलेले दिसले. राजा सवयीने वाकला, त्याने ओंजळ मातीने भरली, आणि ती तशीच धरून तो रडू लागला.

"राहू द्या," राणी त्याच्याजवळ बसत म्हणाली. "श्वास घेऊ द्या त्याला."

विहारात ही कथा सांगून झाल्यावर शास्ते, भगवान बुद्ध, सभेकडे वळले. मग म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आज या विहारातल्या रोपांना पाणी घालणारा स्थविर पूर्णघोष. माळी मी होतो. राणी आज याच सभेत आहे. परवा तिच्या हातून पात्र फुटलं, आळ दुसरीवर आला, आणि ती गप्प राहिली." त्यांनी तिचे नाव घेतले नाही. "त्या माळ्यासारखं दुसऱ्याची चूक झाकून स्वतः सोसणं, ही क्षांती, खरी सहनशीलता."

मागच्या रांगेतली एक भिक्षुणी उठली आणि आळ आलेल्या बहिणीजवळ जाऊन बसली.