सरखेलांना ‘बसा’ म्हणायचं कुणी?

“माझ्यावर हुकूम सोडतो? टाका त्याला कोठडीत! आणि उद्या त्याची होडी फोडून चुलीत घाला!”

शंखदुर्गाच्या आरमाराचे सरखेल, म्हणजे झाडून सगळ्या गलबतांचे धनी, हैबतराव लालबुंद झाले होते. पोशा नावाड्याचा गुन्हा एवढाच, की सरखेलांना गलबतावर नेताना तो चारचौघांत ओरडला, “खाली बसा!” आता सरखेल होडीत कधी बसत का? ताठ उभे राहत. किनाऱ्यावरच्या लोकांना पगडी दिसायला नको?

पोशाची लेक चांगुणा धावत आली. “सरकार, माज्या बाला सोडा! होडी गेली तर आमी खायाचं काय?”

“या समुद्रावर मी ज्याचा हुकूम मानतो, असा एक तरी माणूस दाखव. लगेच सोडतो!”

“दाखवते की! पन आदी गलबतावर चला. बा कोठडीत, तर आज मीच सोडते तुमाला.”

सरखेल होडीत चढले आणि सवयीने उभे राहिले. चांगुणा ‘बसा’ म्हणाली नाही. “तुमी सांगाल तसं वल्हवीन,” एवढंच म्हणाली.

खाडीच्या तोंडाशी लाटा उसळत होत्या. “डावीकडे!” सरखेल गरजले. होडी वळली आणि आडवी लाट थेट आत आली. “उजवीकडे!” दुसरी आली. पाणी घोट्यापर्यंत चढलं. मोठ्या गलबतांवर वावरलेला माणूस तो, एवढ्याशा होडीत त्याची पार भंबेरी उडाली.

“अगं, बघतेस काय? मी काय करू ते सांग!”

“बसा!”

सरखेल मटकन बसले.

“मधी सरका!”

सरकले.

“पगडी काडा, पानी उपसा!”

आणि आरमाराचे धनी जरीच्या पगडीने पाणी उपसू लागले! गलबतावरचे खलाशी डोळे चोळून बघत राहिले.

होडी गलबताला लागली. “सरकार, मानूस दाखवला. आता बाला सोडा.”

“छट्! ‘सांग’ असं मीच तुला फर्मावलं. म्हणजे हुकूम माझाच!”

“बरं. मंग तुमाला न्यायला माज्या बाला कोनी नेमलं?”

“मीच!”

“म्हंजे ‘खाली बसा’ हा हुकूमबी तुमचाच! आनि सरकार, तो मोडला कोनी? आता कोठडीत कोनाला घालायचं?”

सरखेल असे हसले, की हातातल्या पगडीतलं उरलंसुरलं पाणी त्यांच्याच अंगावर सांडलं.

पोशा सुटला. त्याला नवी सागवानी होडी मिळाली, चांगुणाला सोन्याचं कडं. आणि दुसऱ्या दिवशी होडीत पाय ठेवताच सरखेलांनी आधी विचारलं, “पोशा, कुठे बसू?”