मुठीतलं बियाणं

पूर्वी गोदावरीकाठच्या पोतली नगरात अश्मक देशाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तांब्या-कथलाचा व्यापार करणाऱ्या एका घरात जन्मले होते. त्यांचं नाव भद्दक. नगरातल्या ओतारी आळीला धातू तेच पुरवीत. तिथे ओतलेल्या घंटा आसपासच्या सगळ्या गावांत बैलांच्या गळ्यात वाजत, आणि त्या घंटांच्या बदल्यात येणाऱ्या धान्यावर आळीतल्या चुली पेटत. तरीही शेतकऱ्याचं पोर त्या आळीत कधी शिकायला बसलं नव्हतं. बसू दिलं नव्हतं, हे जास्त खरं.

एकदा बैलगाडीतून परतताना भद्दक तिळाच्या खळ्याशी पाणी प्यायला थांबले. तीळ झोडपणारी मुलगी हात थांबवून म्हणाली, "आजोबा, तुमच्या डाव्या बैलाची घंटा तडकलीय."

भद्दकांनी घंटा वळवून पाहिली. "मला तर काही दिसत नाही गं."

"दिसणार नाही. ऐकू येतंय."

पट्टा सोडला तेव्हा त्याच्याखाली केसाएवढी चीर निघाली. मुलीचा बाप सुयाम ओशाळून हसला. "सोमाचं हे असंच आहे, शेटजी. मडकं घ्यायला नेली तर कुंभाराला रडवते."

"सोमा, ओतकाम शिकशील?" भद्दकांनी विचारलं.

सोमाने बापाकडे पाहिलं. बाप अजून झोडपायच्या राहिलेल्या पेंढ्यांकडे पाहत होता. "ही गेली तर सुगीला हात कुठून आणू?"

"दर सुगीला माझा एक गडी येईल. हिच्या राहण्या-शिकण्याचं मी बघतो."

"आणि तुम्हाला काय मिळणार?"

"न तडकलेली घंटा," भद्दक म्हणाले.

आळीचे मुख्य ओतारी नागदत्त यांनी सोमाचे तळवे उलटेसुलटे करून पाहिले. "खुरप्याचे हात. यांना वितळल्या धातूची मूस पेलायची नाही." पण भद्दकांना तोंडावर नाही म्हणणं अवघड होतं. त्यांनी आळीचा रिवाज पुढे केला. बाहेरचं कुणी शिकायला आलं तर कुणीतरी जामीन राहायचं, आणि शिकणारा परीक्षेत पडला तर जामीनदाराने आळीशी असलेला व्यापार कायमचा सोडायचा. भद्दक तिथल्या तिथे जामीन राहिले.

सोमा तीन वर्षं राबली. माती, तूस आणि शेण मळून साचे करावेत, तर तिनेच. मातीची जात तिला जन्मापासून ठाऊक होती. मेणाची घंटा घडवायची, तिच्यावर मातीचा लेप द्यायचा, आच देऊन मेण वाहू द्यायचं आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा, हे सगळं ती डोळ्यांनी शिकली. पण ओतायची पाळी आली की नागदत्त म्हणत, "तू भाता ओढ." आणि ती भाता ओढी.

परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा मूस तिच्या चिमट्यात आली. सगळी आळी भोवती उभी होती. धातूची धार सरळ साच्यात उतरली, जरासुद्धा थरथरली नाही. शेवटी मुशीत मूठभर धातू उरला असताना सोमाचा हात थांबला आणि तिने मूस मागे घेतली.

साचा फोडला तेव्हा घंटेची अर्धी कड आलीच नव्हती.

"हिला तर मूसही रिकामी करता येत नाही!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. नागदत्त भद्दकांजवळ येऊन हलकेच म्हणाले, "शेटजी, अजून वेळ गेली नाही. जामीन मागे घेतो म्हणा. मुलगी गावी जाईल, तुमचा व्यापार राहील. आपलं जुनं नातं आहे."

सोमाने ते ऐकलं. तिला बापाचं खळं आठवलं. बाप रागावणार नव्हता. काही बोलणारच नव्हता, तेच तिला सोसणार नव्हतं.

भद्दक तिच्यासमोर उकिडवे बसले. "सोमा, थांबलीस का?"

तीन वर्षांत त्या आळीत तिला 'का' असं कुणी विचारलं नव्हतं.

"बी ठेवलं, आजोबा," ती पुटपुटली. "आमच्याकडे कणगी तळापर्यंत रिकामी करत नाहीत. मूठभर बियाण्याला ठेवतात. हात आपोआप थांबला."

भद्दक उठले. "नागदत्ता, हिने आजवर किती वेळा ओतलंय?"

"पाहत होती की रोज."

"काठावरून पाहून तुला पोहता आलं होतं का रे? हिला पुन्हा ओतू दे. मी अजून जामीन आहे."

"आळीचा धातू दुसऱ्यांदा मिळायचा नाही," नागदत्त म्हणाले.

भद्दकांची कोठी रिकामी होती आणि तांब्याचा तांडा अजून दोन महिन्यांच्या वाटेवर होता. ते घरी गेले. दारावर त्यांच्या वडिलांनी टांगलेली काशाची घंटा होती, तिच्या आवाजावर तीन पिढ्यांची गिऱ्हाइकं आत आली होती. ती उतरवून त्यांनी सोमाच्या ओटीत ठेवली.

"आजोबा, ही नको."

"चीर आहे का? ऐकून सांग."

तिने नखाने टिचकी मारली. डोळे भरून आले तरी कान चुकला नाही. "नाही."

"मग चांगला धातू आहे."

"आणि पुन्हा चुकले तर?"

"तर दारात उभा राहून मी गिऱ्हाइकांना हाका मारीन. आवाज बरा आहे माझा."

सोमा रडता रडता हसली.

नवा साचा सावलीत सावकाश वाळला. या वेळी तिने शेवटच्या थेंबापर्यंत मूस रिती केली. आळीच्या तोंडाशी घंटा टांगून टोला दिला, तेव्हा तिचा नाद थेट नदीपर्यंत गेला. नागदत्तांनी घंटेच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "आणखी एकदा वाजव."

रिवाजाप्रमाणे शिकणाऱ्याच्या पहिल्या वर्षाच्या घंटा जामीनदाराच्या असत. सोमा त्या द्यायला गेली तेव्हा भद्दकांनी दारासाठी एकच ठेवून घेतली. "बी ठेवायची सवय मात्र सोडू नकोस," ते म्हणाले. "भट्टी पेटायच्या आधी ठेवत जा, म्हणजे झालं."

पुढे सोमाची स्वतःची भट्टी झाली. दर वेळी भाता ओढण्यापूर्वी ती नव्या शिकणाऱ्यासाठी मूठभर धातू दाराजवळच्या मडक्यात टाकी. मडकं भरलं की ती गाडी जुंपी आणि खळ्याखळ्यांवर जाऊन पोरांना विचारी, "माझ्या बैलाच्या घंटेत काही ऐकू येतंय का रे?"

शेतातून येऊन नुकतीच दीक्षा घेतलेल्या एका श्रामणेराला तिस्स नावाचे भिक्षू हिणवीत, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली आणि पूर्वजन्मीचा मेळ जुळवून दिला: "त्या वेळची सोमा म्हणजे आज तरुण भिक्षुणींना शिकवणारी थेरी उप्पला. सुयाम म्हणजे या विहाराला तीळ देणारा म्हातारा उपासक. नागदत्त तूच होतास, तिस्सा, आणि शेवटी 'आणखी एकदा वाजव' म्हणणाराही तूच होतास. भद्दक मी होतो."

तिस्स उठून त्या श्रामणेराशेजारी जाऊन बसले.

चुकलेल्याला दूर करण्याआधी जी 'का' विचारते आणि उत्तर ऐकून आपल्या दारची घंटा उतरवून देते, ती करुणा.