दोन टेम्पो सामान

“पण उस्ताद, सही करू की नको, तेवढंच सांगा की.”

धनाजी कणसेनं तिसऱ्यांदा विचारलं. हसनचाचांनी मान वर केली नाही. ओट्यावर बसून ते शेजारणीच्या कुकरचं वाकलेलं झाकण सरळ करत होते.

ट्रॅक्टरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन चाचांना नऊ वर्षं झाली होती, तरी साचे-हत्यारं घडवणाऱ्या टूलरूमची माणसं त्यांना अजून उस्तादच म्हणत. धनाजी त्यांचा सगळ्यात हुशार चेला. केसाच्या दहाव्या हिश्शाइतकी चूक त्याच्या बोटांना कळायची. आणि कारखान्यातली कुठलीही गोष्ट आपल्याला सगळ्यांच्या आधी कळते, याचाही त्याला भारी ताठा होता.

आज तो ताठा पार उतरला होता. कामगारकपातीच्या बातमीनं महिनाभर कुणाला धड जेवण जात नव्हतं. धनाजीच्या खिशात स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म होता आणि मुदत उद्या संध्याकाळपर्यंत. सही केली तर मानानं बाहेर. नाही केली आणि यादीत नाव आलं तर धक्के खाऊन बाहेर, असं सगळे म्हणत होते. पण बावीस वर्षांची नोकरी... पेन हातात घेतलं की हात उचलायचा नाही.

“टूलरूम बंद होणार, हे कुणी सांगितलं तुला?” चाचांनी विचारलं.

“सगळा कारखाना सांगतोय. दोन टेम्पो भरून सामान बाहेर गेलं टूलरूमचं.”

“तू पाहिलंस?”

“पेंट शॉपच्या शेलारनं सांगितलं.”

“लाव त्याला फोन.”

शेलारनं टेम्पो पाहिला नव्हता. त्याला कँटीनच्या जाधवमामांनी सांगितलं होतं. जाधवमामा म्हणाले, दोन कुठले, एकच होता. पण गेटवरच्या भिसेनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय.

“लाव भिसेला.”

“आता कशाला, उस्ताद...”

“लाव.”

भिसे वॉचमन आधी हसलाच.

“कसला टेम्पो, मास्तर? मंगळवारी तुम्हीच नाही का तुमची पेटी घेऊन बाहेर पडलात? पास मीच लिहिला. मी आपलं कँटीनमध्ये एवढंच म्हटलं, कणसेमास्तरांसारखा माणूस उगाच पेटी हलवायचा नाही...” मग त्याचा आवाज खाली आला. “काय मास्तर, खरंच काही आहे का? मीपण फॉर्म आणून ठेवलाय.”

धनाजीनं फोन ठेवला.

खरं होतं ते. कारखान्याला अचानक कुलूप लागलं तर स्वतःच्या पैशानं जमवलेली मापाची हत्यारं तरी आत अडकायला नकोत, म्हणून मंगळवारी त्यानं आपली पेटी पिशवीत घालून गुपचूप घरी आणली होती. त्याच पेटीचे चार दिवसांत दोन टेम्पो झाले, फिरून त्याच्याच कानावर आले, आणि त्या टेम्पोंना भिऊन हा शहाणा आज सही करायला निघाला होता.

चाचा हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. धनाजी त्यांची पाठ चोळत राहिला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि तरी कितीतरी दिवसांनी त्यालाही हसू फुटत होतं.

“म्हणजे उस्ताद... टूलरूम बंद होणार नाही?”

“ते मला काय माहीत?”

धनाजीचा हात खिशातल्या फॉर्मवर गेला.

“खरंच माहीत नाही रे पोरा. होईलही.”

“मग सही?”

चाचांनी हात पुढे केला. धनाजीनं फॉर्म दिला. चाचांनी तो उघडलासुद्धा नाही. परत धनाजीच्याच खिशात सारला आणि वरून दोनदा थोपटलं.

“उद्या पहिल्या पाळीला पेटी घेऊन आत जा. पिशवीत लपवून नको. भिसेच्या समोरून, सगळ्यांच्या देखत.”

“हसतील की मला सगळे.”

“हसू देत. महिनाभरात हसलंय का तिथं कुणी?”

चाचांनी झाकण कुकरवर ठेवून पाहिलं, काढलं, पुन्हा मांडीवर घेतलं.

मग जे विचारायला धनाजी खरं तर आला होता, ते त्यानं अगदी हळू विचारलं.

“आणि पेटी आत नेली, अन् परवा यादीत माझं नाव आलंच... तर?”

चाचांनी हातातलं काम बाजूला ठेवलं.

“अरे, पेटी आत नसेल तर त्या दिवशी काय रिकाम्या हातानं घरी येणार?”