खाडीतल्या माहेरवाशिणी

एका खाडीच्या काठी, तिवरांच्या झाडीत, एक खंड्या राहायचा. निळाशार, एवढुसा आणि भयंकर घाईचा! बसायचा कुठे, तर सगळ्यात उंच खुंटावर. त्याच खाडीत पाणकावळ्यांची एक भलीमोठी टोळी मासेमारी करायची. साधीसुधी नाही हं! शंभर-शंभर पाणकावळे अर्धगोल करून पाणी बडवत यायचे आणि अख्खी खाडी झाडून न्यायचे. घरी थोडं खायचे, बाकी सगळं लांबच्या तलावावरच्या बगळ्यांना पुरवायचे. मागच्या पावसाळ्यात तर त्यांनी गाभोळीनं पोट भरलेल्या मासोळ्यासुद्धा सोडल्या नाहीत. अंडीच गेली, मग पिल्लं येणार कुठून? खाडी रिकामी पडली, आणि खंड्याच्या चार पिल्लांमधलं एक उपाशीच गेलं. यंदा बिळात तीन पिल्लं चोची उघडून बसली होती. पुन्हा तसं झालं तर?

मग काय, चढला खुंटावर आणि लागला ओरडायला, "ऐका हो ऐका! पावसाचे दोन महिने मासेमारी बंदी! बंदी म्हणजे बंदी!"

पाणकावळे हसून हसून पाण्यात लोळले. "कोण रे तो टिकलीएवढा? ओ हवालदार, शिट्टी कुठाय तुमची?" आणि त्या दिवशी मुद्दाम त्यांनी दुप्पट मासे मारले.

खुंटाखालच्या चिखलात एक म्हातारी चिंबोरी, म्हणजे खेकडीण, नांग्या आवरून बसली होती. ती म्हणाली, "अरे लेका, खाली ये की. वर बघून माझी मान दुखते."

"आजी, तुला मान कुठाय?"

"नाहीच ना! म्हणून तर खाली ये म्हणतेय." खंड्या मुकाट्यानं चिखलात उतरला. "बंदी चोरावर घालतात," आजी हळूच म्हणाली. "ते काय चोर आहेत? मासोळ्या इथे बाळंतपणाला येतात. ही खाडी त्यांचं माहेर. तेवढं सांग ना. आणि घरी जाऊन सांग."

दुसऱ्या दिवशी खंड्या थेट पाणकावळ्यांच्या म्होरक्याकडे गेला. सगळे त्याला नाखवा म्हणायचे. नाखवा पंख पसरून वाळवत बसला होता आणि नाखवीण पिल्लांना भरवत होती.

"आलास?" नाखवीण म्हणाली. "आज काय बंद करायचंय, श्वास?"

खंड्या तिच्या घरट्याच्या काठावर बसला. "काही नाही काकू. पिल्लं किती तुमची?"

"चार. सगळी बापावर गेलीत, खादाड."

"माझीपण चार होती. मागच्या वर्षी एक उपाशी गेलं."

नाखविणीची चोच तशीच थांबली. "बोलला नाहीस कधी."

"खुंटावरून ओरडण्यासारखं नव्हतं ते, काकू." मग त्यानं मासोळ्यांच्या माहेराचं सगळं सांगितलं.

"आणि आमची पोरं काय वारा खातील?" नाखवा गुरकावला. "त्या बगळ्यांना काय सांगू मी?"

खंड्या खरं तेच बोलला, "मला नाही माहीत, नाखवा. समुद्र तुम्हाला जास्त कळतो. तुम्हीच सांगा."

नाखव्यानं पंख मिटले आणि समुद्राकडे चोच केली. "बाहेरच्या खडकाशी मासे मिळतात. पण लांब पडतं, लाटाही मोठ्या. घरापुरतं होईल. बगळ्यांपुरतं नाही व्हायचं."

"मग नाही व्हायचं!" नाखवीण फणकारली. "म्हणावं, घरात बाळंतपण आहे. माहेरी आलेल्या पोटुशी लेकीला कोणी हाकलतं का?"

पण एका घरानं खाडी वाचत नसते. खंड्या रोज एकेका घरट्यात जाऊन बसला. कुठे चार शिव्या खाल्ल्या, कुठे दोन घास. काहींकडे तर तीन-तीनदा जावं लागलं. आणि एका सकाळी सगळी टोळी खाडीवरून उडत बाहेरच्या खडकाकडे निघाली. एक तरणा पाणकावळा उगाच पाण्यावर पंख आपटायला गेला, तर नाखवा दबक्या आवाजात ओरडला, "हळू रे मेल्या! बाळंतिणी झोपल्यात."

पावसाळा सरला तेव्हा खाडी इवल्या इवल्या माशांनी नुसती चमचमत होती. आणि काठावर खंड्याची पिल्लं पहिला सूर मारायला शिकत होती. तिन्ही. हो, तिन्हीच्या तिन्ही!

तात्पर्य : उंचावरून दिलेला हुकूम डोक्यावरून जातो, दारात बसून सांगितलेलं, आणि समोरच्याचंही ऐकून घेतलेलं, मनात उतरतं.