बोलका व्हॉल्व्ह

देवझरी संस्थानच्या महाराजांपुढे दरबारात कुणी ब्र काढत नसे. त्यांच्या नव्या मोटारीने मात्र टिकटिक सुरू केली. "उद्यापर्यंत ही गप्प झाली नाही, तर ड्रायव्हर हुसेनला घरी पाठवा," महाराजांनी दिवाणांना फर्मावलं.

महाराजांच्या सूनबाई चंद्रप्रभाराजेंना मोटारींचा भारी नाद. त्यांनी इंजिन चालू ठेवून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एकेका व्हॉल्व्हपाशी टेकवलं, मूठ कानाला लावली आणि सैल पडलेला व्हॉल्व्ह हुडकून काढला. इंजिन बंद करून तो नीट बसवला. पुन्हा चालू केल्यावर बारीकशी टिकटिक तेवढी उरली.

"अजून बोलतोच आहे," महाराज गुरगुरले. "आणखी आवळा."

"आबासाहेब, व्हॉल्व्ह तापला की लांबतो. त्यासाठी जागा ठेवली, तर तो थोडा बोलणारच. पुरता आवळला, तर गप्प बसेल आणि आतल्या आत जळेल. आपल्या दरबारासारखा."

हुसेनने डोळे मिटून घेतले. महाराज सावकाश दिवाणांकडे वळले. "काय हो, तुम्हीही जळता?"

"थोडंसं, सरकार," दिवाण चाचरत म्हणाले.

महाराज पोट धरून हसले. "हुसेन, गाडी काढ. दिवाणजी, तुम्ही शेजारी बसा आणि बोला."