नहरीच्या कागदांचा वाचक

एकदा एका जुन्या शहराच्या दप्तरखान्यात तीन वर्षे चाललेले एक काम पूर्ण झाले. त्या शहराखालून खापराच्या नळांची नहर वाहत असे. डोंगरातले पाणी ती गावात आणी, आणि खालच्या वस्तीतली चाळीस घरे अजूनही तेच पाणी पीत. नहरीच्या मोडी कागदांना वाळवी लागली होती. रेवती नावाच्या अभ्यासक तरुणीने त्यांतले प्रत्येक पान संगणकात उतरवले. अकरा हजार पाने झाली. त्यांच्या प्रती तिने तीन निरनिराळ्या गावी ठेवल्या, आणि एखाद्या फायलीत कणभर बदल झाला तरी कळावा अशी व्यवस्था लावली. दप्तरखान्याचे वृद्ध प्रमुख त्र्यंबकराव हे तिचे गुरू. त्यांची सही झाली की संग्रह खुला होणार होता.

सहीच्या दिवशी त्र्यंबकरावांनी पेन उचललेच नाही. त्यांनी इस्माईल मिस्त्रींना बोलावून संगणकासमोर बसवले. नहरीतला गाळ काढण्याचे काम मिस्त्रींच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते.

"रेवती, तू भिंतीपाशी बस. काही बोलायचं नाही."

मिस्त्रींना निकड होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गटारासाठी खणायला यंत्र येणार होते. नहर कुठून जाते हे त्यांच्या वडिलांना तोंडपाठ होते, पण वडील मागच्या वर्षी वारले. "खुणा करून द्या, तेवढं टाळून खणतो," असे ठेकेदार म्हणाला होता.

वीस मिनिटे मिस्त्री पडद्याकडे पाहत राहिले. पाने उलटत गेली. रेवती दोनदा उठली आणि दोनदा बसली. शेवटी मिस्त्रींनी टोपी उचलली.

"कागद लई साफ दिसतात, बाई. पण खणू कुठं नये, ते काही कळंना."

रेवतीला राहवेना. "सर, ज्याला मोडी येतं त्याला हे सगळं..."

"या गावात किती जणांना येतं?"

"तिघांना. त्यांतली एक मी."

"आणि नहर कोण दुरुस्त करतं?"

"पण संग्रह सर्वांसाठी आहे, सर. मी तसं लिहिलंच आहे."

"'सर्वांसाठी' लिहिलं की कोणालाच जाऊन विचारावं लागत नाही," त्र्यंबकराव शांतपणे म्हणाले. "वाचणारा कोण, त्याला काय येतं आणि काय येत नाही, हे आधी ठरवावं लागतं. त्याशिवाय पानाबरोबर आणखी काय जपायचं ते कळत नाही. तुला नुसतं पान पुरतं. यांना देवनागरीतला मजकूर हवा, गज म्हणजे किती ते हवं. तेवढं ठेवलं नाहीस, तर पान टिकेल आणि अर्थ निघून जाईल."

रेवतीने मिस्त्रींशेजारी खुर्ची ओढली आणि वाचू लागली, "काजींच्या चिंचेपासून दक्षिणेस बेचाळीस गज, तेथे तोंड." तिने मान वर केली. "ही चिंच कुठे असेल?"

"चिंच कवाच तोडली. तिथं आता पिठाची गिरणी आहे."

हे तिच्या अकरा हजार पानांत कुठेही नव्हते. तिने गजाचे माप दुसऱ्या पानावरून शोधून काढले आणि दोघे टेप घेऊन भर उन्हात बाहेर पडले. गिरणीमागची फरशी उचलताच खालून पाण्याचा आवाज आला. संध्याकाळपर्यंत कागदात दिलेल्या तीन जागांपैकी दुसरीही सापडली. तिसरी सापडली नाही. कागदात तिची खूण म्हणून एक विहीर दिली होती, आणि त्या भागातल्या तीन विहिरी बुजल्या होत्या.

सकाळी यंत्राने दोन ठिकाणी वळसा घेतला. तिसऱ्या ठिकाणी नळ फुटले. बारा घरांना आठ दिवस गढूळ पाणी आले. रेवती रोज तिथे जाऊन उभी राहत असे. तिला कोणी बोल लावला नाही, आणि तेच तिला अधिक लागले.

फुटलेले नळ पुन्हा बसवल्यावर ती दर सोमवारी दहा पाने घेऊन मिस्त्रींकडे जाऊ लागली. ते जे विचारत ते ती पानाशेजारी लिहून ठेवी. असेच एकदा मिस्त्री म्हणाले, "माझी थोरली पाण्याचं इंजिनिअरिंग शिकतीय. पुढं नहरीचं काम करायचं म्हणती. काल तिला हे फोनवर दाखवलं, तर विचारती, अब्बा, 'तोंड' म्हणजे काय?"

रेवती लिहायची थांबली. गाळ काढायला माणूस जिथून नहरीत उतरतो, ती बांधीव जागा म्हणजे तोंड. इतके दिवस हा शब्द त्या दोघांनाही इतका उघड वाटत होता, की तो समजावून लिहावा हे कोणाच्याच मनात आले नव्हते.

तिने हे त्र्यंबकरावांना सांगितले. "सर, म्हणजे हे कधी संपायचंच नाही का? आज मिस्त्री, उद्या त्यांची मुलगी, पुढे आणखी कोणी."

"तुला काय वाटतं?"

रेवतीच्या जिवाची तगमग तशीच होती, पण आता तिला दिशा मिळाली होती. तिने मिस्त्रींना फोन लावला आणि त्यांची मुलगी सुटीला कधी येणार आहे ते विचारले.